एलंड रोडवरचे चव्वेचाळीस दिवस

१९७४ च्या जुलैमध्ये लीड्स युनायटेडच्या संचालकांपुढे जी अडचण उभी होती, ती आपल्या वाट्याला यावी म्हणून इंग्लंडमधल्या इतर क्लबांनी नवस बोलले असते. संघ देशाचा ताजा विजेता होता. मागच्या मोसमात त्याने लीगचे पहिले २९ सामने न हरता काढले होते. युरोपियन कपमध्ये उतरण्याचा हक्क मिळाला होता. एलंड रोड मैदानावर खेळाडू जागच्या जागी होते, प्रेक्षक होते, तिजोरीत पैसा होता. नव्हता तो फक्त मॅनेजर.

इंग्लंडला विश्वचषक जिंकून देणाऱ्या सर आल्फ रॅम्झीला फुटबॉल असोसिएशनने त्या वर्षी घरी पाठवलं आणि राष्ट्रीय संघाची सूत्रं डॉन रेव्हीच्या हाती दिली. रेव्ही गेला आणि लीड्सची गादी रिकामी झाली. या गादीचं मोल समजायचं, तर ती कशी घडली ते आधी पाहायला हवं.

रेव्ही १९६१ च्या मार्चमध्ये मॅनेजर झाला, तेव्हा लीड्स हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये धडपडणारा क्लब होता. पुढच्याच मोसमात तो तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरता घसरता वाचला. निळा-पिवळा पोशाख टाकून रेव्हीने संघाला रेआल माद्रिदसारखा पांढराशुभ्र पोशाख दिला. स्पर्धा कोणाशी करायची ते पोरांना रोज आरशात दिसावं, असा त्याचा हिशेब. १९६४ मध्ये संघ वर चढला आणि पुढची दहा वर्षं इंग्लंडच्या पहिल्या चारांतून खाली उतरला नाही. १९६८ मध्ये लीग कप, १९६९ मध्ये लीग, १९७२ मध्ये एफए कप, १९७४ मध्ये पुन्हा लीग, शिवाय दोन वेळा युरोपातला फेअर्स कप. आणि पाच वेळा लीगमध्ये दुसरा क्रमांक. हातातोंडाशी आलेला घास इतक्या वेळा गेलेला दुसरा संघ त्या काळात नव्हता.

रेव्हीने नुसता संघ बांधला नाही, घर बांधलं. कपडे धुणाऱ्या बायकांपासून मैदानाच्या माळ्यापर्यंत सगळ्यांची नावं त्याला पाठ. कोणाची बायको बाळंत झाली, कोणाची आई आजारी आहे, हेही त्याला ठाऊक. सामन्याच्या आदल्या रात्री हॉटेलात खेळाडूंना तो बिंगो आणि गालिच्यावरचा बोल्सचा खेळ खेळायला बसवी, म्हणजे पोरं बाहेर भटकणार नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक खेळाडूवर बारीक टिपणांचं बाड तयार असे आणि त्याचं पारायण सगळ्यांनी ऐकायचं. माणूस कमालीचा अंधश्रद्धाळू. संघ जिंकत असेल तर निळा सूट बदलायचा नाही. मैदानाला जिप्सींचा शाप आहे असं कोणीतरी सांगितलं, तेव्हा तो उतरवायला त्याने एक जिप्सी बाई बोलावली होती.

या घराला एक काळी बाजूही होती. लीड्सचे खेळाडू राकट खेळत, रेफ्रीला घेरत आणि आघाडी मिळाली की वेळ खात. बचावफळीतल्या नॉर्मन हंटरबद्दल तर तो पाय चावतो असा फलक त्याच्याच चाहत्यांनी वेम्ब्लीवर कौतुकाने झळकवला होता. इंग्लंडभर या संघाला ‘डर्टी लीड्स’ म्हणत. बाहेरचे जितके शिव्या देत, तितकं हे कुटुंब आत घट्ट होत गेलं. ब्रेमनर, जाइल्स, हंटर, रीनी, लॉरिमर, मॅडली, एडी ग्रे ही मंडळी वर्षानुवर्षं एकत्र खेळली होती. रेव्ही त्यांचा मॅनेजर कमी आणि बाप जास्त होता.

जाताना या बापाने वारसही सुचवला. जॉनी जाइल्स, संघाचा आयरिश मिडफिल्डर, डोक्याने शांत आणि खेळाचा जाणकार. संचालकांनाही ते नाव पटलं होतं. पण कर्णधार बिली ब्रेमनरलाही ती जागा हवी होती. दोघांत एकाला दिली तर ड्रेसिंग रूममध्ये उभी फूट पडेल, या भीतीने संचालकांनी घरातला माणूसच नको असं ठरवलं. मग बाहेरचा कोण? क्लबचा चेअरमन मॅनी कसिन्स हा फर्निचरच्या धंद्यातला बडा माणूस. त्याने दुकानात मांडलेल्यांपैकी सगळ्यात झगझगीत वस्तू उचलली. तिचं नाव ब्रायन क्लफ.

गंमत अशी की रेव्ही आणि क्लफ एकाच गावचे. ईशान्य इंग्लंडमधलं मिडल्सब्रो हे पोलादाच्या कारखान्यांचं गाव. रेव्ही १९२७ चा, क्लफ १९३५ चा. दोघांचीही लहानपणची घरं कामगारवस्तीतली. दोघेही इंग्लंडकडून खेळलेले. साम्य इथे संपतं.

क्लफ मिडल्सब्रो आणि संडरलंड या क्लबांचा आघाडीवीर होता. २७४ लीग सामन्यांत २५१ गोल. हा आकडा पुन्हा एकदा वाचावा असाच आहे. २६ डिसेंबर १९६२ रोजी बरी संघाविरुद्ध खेळताना तो गोलरक्षकावर आदळला आणि त्याचा गुडघा कामातून गेला. सत्ताविसाव्या वर्षी कारकीर्द संपल्यात जमा झाली. त्या जखमेची खपली कधी धरलीच नाही, असं पुढचं त्याचं वागणं पाहून वाटतं. जगाने आपलं काहीतरी हिसकावून घेतलं आहे आणि ते वसूल करायचं आहे, अशा थाटात तो जगला.

तिसाव्या वर्षी तो हार्टलपूल्स युनायटेडचा मॅनेजर झाला. चौथ्या डिव्हिजनमधला, तळाला रुतलेला, पै-पैला महाग झालेला क्लब. क्लफने बस चालवायचं लायसन्स काढलं, म्हणजे ड्रायव्हरला द्यायला पैसे नसले तर संघाला आपण घेऊन जाऊ. सोबत त्याने मिडल्सब्रोतला जुना सहकारी, गोलरक्षक पीटर टेलर याला आणलं. खेळाडू हेरायची टेलरची नजर विलक्षण होती. टेलरने शोधायचा, क्लफने घडवायचा, अशी वाटणी ठरून गेली. याच हार्टलपूल्समध्ये जॉन मॅकगव्हर्न नावाचा सोळा वर्षांचा मुलगा त्यांच्या हाताखाली आला. धावण्याची ढब बेढब, वेग बेताचा, पण चेंडू पायात आला की डोकं ठिकाणावर. हे नाव वाचकाने लक्षात ठेवावं.

१९६७ मध्ये ही जोडी डर्बी काउंटीत गेली. दुसऱ्या डिव्हिजनमधल्या या क्लबला त्यांनी १९६९ मध्ये वर आणलं आणि १९७२ मध्ये लीगचा विजेता केलं. तेही कसं? डर्बीचे सामने संपले होते. खेळाडू टेलरबरोबर मायोर्काला सुट्टीवर गेले होते, क्लफ घरच्यांना घेऊन सिली बेटांवर होता. लीड्सला शेवटच्या सामन्यात फक्त बरोबरी हवी होती. दोनच दिवसांपूर्वी एफए कपची फायनल खेळून थकलेला लीड्सचा संघ वुल्व्ह्‌जकडून २-१ हरला आणि क्लफ समुद्रकिनाऱ्यावर बसल्या बसल्या विजेता झाला. एका गुणाने.

एव्हाना क्लफ टीव्हीवरचा लाडका वक्ता झाला होता. तोंडाला कुलूप नाही आणि शब्दाला धार. या धारेखाली सगळ्यात जास्त वेळा सापडला तो लीड्स. १९७३ च्या ऑगस्टमध्ये, लीड्सला बेशिस्तीबद्दल दंड झाला तेव्हा, क्लफने ‘संडे एक्सप्रेस’मध्ये लिहिलं की या संघाला शिक्षा म्हणून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ढकलायला हवं होतं. एका मॅनेजरने दुसऱ्या क्लबबद्दल असं छापून आणणं ही त्या काळी अघटित गोष्ट होती. त्याच तोंडापायी डर्बीचा चेअरमन सॅम लॉंगसन याच्याशी त्याचं बिनसलं आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये क्लफ-टेलरने राजीनामे दिले. राजीनामा स्वीकारला जाणार नाही असा होरा असावा, तो चुकला. दोघं तिसऱ्या डिव्हिजनमधल्या ब्रायटनला गेले. तिथे क्लफच्या संघाने हौशी खेळाडूंच्या वॉल्टन अँड हर्शमकडून घरच्या मैदानावर ४-० मार खाल्ला, पाठोपाठ ब्रिस्टल रोव्हर्सकडून ८-२.

अशा माणसाला लीड्सने बोलावणं धाडलं, आणि तो निघाला.

का निघाला, हे कळायला फार खोलात जावं लागत नाही. डर्बीला घेऊन तो १९७३ मध्ये युरोपियन कपच्या सेमी फायनलपर्यंत पोचला होता आणि युव्हेंटसकडून हरला होता. ब्रायटनहून त्या कपाकडे जाणारा रस्ता नव्हता, लीड्सहून होता. पण टेलर आला नाही. समुद्रकाठचं ब्रायटन त्याला आवडलं होतं, तिथल्या चेअरमनने दोघांशी चांगुलपणा केला होता आणि लीड्सचं नाव त्याला रुचत नव्हतं. हार्टलपूल्सपासून पाठीशी असलेली नजर मागे राहिली. ३० जुलै १९७४ रोजी नेमणूक झाली आणि दुसऱ्या दिवशी क्लफ आपल्या मुलांना घेऊन एलंड रोडवर उतरला. शत्रूच्या किल्ल्यात एकट्याने शिरताना सोबतीला पोरं घेतली असतील तर त्याला दोष देता येणार नाही.

खरी चूक पुढे झाली. काही दिवसांनी त्याने खेळाडूंना एकत्र बसवलं. त्या बैठकीची हकीकत हजर असलेल्या अनेकांनी नंतर सांगितली आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय एकच. तुम्ही मिळवलेली सगळी पदकं कचऱ्याच्या टोपलीत टाका, कारण त्यातलं एकही तुम्ही सरळपणे मिळवलेलं नाही, असं तो त्यांना म्हणाला. मग एकेकाचा समाचार. हंटरला राकटपणाबद्दल, जाइल्सला तसंच काही. एडी ग्रे हा अप्रतिम डावखुरा विंगर, पण दुखापतींनी सतत जायबंदी. तू शर्यतीचा घोडा असतास तर तुला केव्हाच गोळी घातली असती, असं क्लफने त्याला ऐकवलं. दुखापतीने स्वतःची कारकीर्द गमावलेल्या माणसाने दुसऱ्या जखमी खेळाडूला हे म्हणावं! ग्रेने तिथल्या तिथे आठवण करून दिली की तुमचाही खेळ दुखापतीनेच संपला होता.

क्लफचा आरोप अगदीच निराधार नव्हता. लीड्स राकट खेळत होता हे सगळ्या इंग्लंडला माहीत होतं. पण सासरी आलेल्या सुनेने पहिल्या दिवशीच देवघरातले देव अडगळीत टाकावेत, तसं हे झालं. त्या पदकांसाठी या माणसांनी दहा वर्षं गुडघे झिजवले होते, आणि ती ज्याच्या शब्दाखातर मिळवली तो रेव्ही नुकताच घराबाहेर पडला होता. हंटरला तर त्याच वर्षी देशभरच्या व्यावसायिक खेळाडूंनी मतदान करून वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं होतं. त्या पुरस्काराचं हे पहिलंच वर्ष. इतर क्लबांतले खेळाडू ज्याला मान देत होते, त्याला स्वतःचा मॅनेजर टोपली दाखवत होता.

आणखी एक तुलना खेळाडूंच्या मनात आलीच असणार. रेव्ही धोबिणींची विचारपूस करणारा. क्लफबद्दल डर्बीत असं सांगत की संघ हरल्यावर हसताना दिसल्या म्हणून त्याने चहावाल्या बायकांना कामावरून काढलं होतं. रेव्ही प्रतिस्पर्ध्यांवर बाडं लिहवून घेणारा. क्लफ अशा टिपणांना हात न लावणारा. समोरचा काय करतो याची फिकीर त्यानेच करावी, आपण आपला खेळ खेळावा, हे त्याचं सूत्र. दोन्ही पद्धतींनी लीग जिंकता येते हे दोघांनी सिद्ध केलं होतं. मात्र एकीवर वाढलेल्या तिशीच्या माणसांना आठवड्याभरात दुसरी गळी उतरवता येत नाही.

१० ऑगस्टला वेम्ब्लीवर चॅरिटी शील्डचा सामना झाला. हा सामना प्रथमच वेम्ब्लीवर होत होता, टीव्हीवर थेट दिसत होता आणि समोर लिव्हरपूल होता. लिव्हरपूलचा लाडका मॅनेजर बिल शँक्ली निवृत्ती जाहीर करून शेवटच्या वेळी संघ घेऊन आला होता. शँक्ली आणि क्लफ आपापल्या संघांच्या पुढे चालत मैदानात आले. मागे येणारे लीड्सचे खेळाडू जणू दुसऱ्याच वरातीतले असावेत, इतकं क्लफ आणि त्यांच्यात अंतर दिसत होतं. मोसमाची मंगल सुरुवात म्हणून असलेल्या या सामन्यात धुसफूस वाढत गेली. उत्तरार्धात ब्रेमनर आणि लिव्हरपूलचा केव्हिन कीगन यांची हातापायी झाली आणि रेफ्रीने दोघांनाही बाहेर काढलं. वेम्ब्लीवर मैदानाबाहेर काढले गेलेले हे पहिले ब्रिटिश खेळाडू. जाता जाता दोघांनी अंगातले शर्ट काढून फेकले. तो उघड्या अंगाचा राग साऱ्या देशाने दिवाणखान्यात बसून पाहिला. सामना १-१ सुटला. पेनल्टींवर लीड्सने सहावी पेनल्टी गोलरक्षक डेव्हिड हार्वीला मारायला लावली. ती आडव्या दांड्यावर आदळली आणि लिव्हरपूल ६-५ जिंकला. ब्रेमनर आणि कीगन दोघांनाही प्रत्येकी ५०० पौंड दंड झाला आणि सप्टेंबर संपेपर्यंत बंदी. लीड्सचा कर्णधार मोसम सुरू होता होताच असा बाजूला पडला.

मग लीग सुरू झाली. १७ ऑगस्टला स्टोककडून ०-३. चार दिवसांनी एलंड रोडवर क्वीन्स पार्क रेंजर्सकडून ०-१. २४ ऑगस्टला बर्मिंगहॅमविरुद्ध ॲलन क्लार्कच्या गोलवर १-० असा विजय, क्लफच्या कारकीर्दीतला लीगमधला एकमेव. मग क्वीन्स पार्क रेंजर्सशी १-१, मँचेस्टर सिटीकडून १-२, आणि ७ सप्टेंबरला नव्याने वर चढलेल्या लूटनशी घरच्या मैदानावर १-१. सहा सामने, चार गुण, एकोणिसावं स्थान. मागच्या अख्ख्या मोसमात फक्त ४ सामने हरलेला संघ सहा सामन्यांत तीन हरला होता.

संघ म्हातारा होत चालला आहे हे क्लफने अचूक ओळखलं होतं. जाइल्स तेहतीस, ब्रेमनर एकतीस, हंटर तीस. कधी ना कधी ही झाडं काढून नवी लावणं भाग होतं. म्हणून त्याने नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून डंकन मॅकेन्झी हा नखरेल आघाडीवीर अडीच लाख पौंडांना आणला, आणि डर्बीहून स्वतःची दोन जुनी माणसं: जॉन ओहेअर आणि तोच जॉन मॅकगव्हर्न. जुना ट्रेनर जिमी गॉर्डनही त्याच्या शब्दाखातर आला. नव्या घरात आपली म्हणावी अशी चार माणसं असावीत, एवढाच त्यामागचा अर्थ. लीड्सच्या प्रेक्षकांना मात्र दिसलं ते एवढंच की ब्रेमनरच्या जागेवर हा बेढब धावणारा पोरगा आणून उभा केला आहे. त्यांनी मॅकगव्हर्नची हुर्यो उडवली. चेंडू त्याच्याकडे गेला की स्वतःच्याच मैदानातून शिट्ट्या. सहकारीही त्याच्या पायात सोपा पास द्यायला फार उत्सुक नसत, असं म्हणतात. त्याच्या नावावर लीड्सकडून लीगचे जेमतेम ४ सामने आहेत.

खेळाडूंनी मुद्दाम वाईट खेळ केला का? त्यांच्यापैकी बहुतेकांनी हे कायम नाकारलं आहे, आणि ते खरं मानायला हरकत नाही. दरवर्षी पदकासाठी जीव टाकणारी माणसं हरण्यासाठी मैदानात उतरत नाहीत. पण मन उडालेल्या माणसाच्या पायात बळ तितकंच राहत नाही. एकेका चेंडूमागे जे अर्धं पाऊल जास्त पडायचं, ते पडेनासं झालं. फुटबॉलमध्ये तेवढं पुरतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संचालक आणि खेळाडू एकत्र बसले. क्लफ खोलीतून बाहेर गेल्यावर खेळाडूंनी आपलं मन मोकळं केलं, आणि त्यात त्याच्या बाजूने फार काही नव्हतं. १० तारखेला लीग कपमध्ये हडर्सफील्डशी १-१ बरोबरी झाली. १२ सप्टेंबर १९७४ रोजी क्लफला काढण्यात आलं. नेमणुकीपासून चव्वेचाळीसावा दिवस. भरपाई म्हणून मिळालेली रक्कम कर धरून ९८ हजार पौंडांच्या घरात होती असं सांगितलं जातं. त्या काळी ती एखाद्या मॅनेजरला आयुष्यभर निश्चिंत करणारी होती. पुढे क्लफच विनोदाने म्हणत असे की या पैशाने आपल्याला कोणाचं ऐकून घ्यायची गरज उरली नाही.

त्याच संध्याकाळी जे घडलं, त्याला टीव्हीच्या इतिहासात तोड नाही. लीड्समधल्या यॉर्कशायर टेलिव्हिजनच्या स्टुडिओत क्लफ येऊन बसला, आणि शेजारच्या खुर्चीत डॉन रेव्ही. मध्ये सूत्रधार ऑस्टिन मिचेल, जो पुढे मजूर पक्षाचा खासदार झाला. नोकरी गेल्याला काही तासच उलटलेला माणूस आणि ज्याच्या सावलीने ती घालवली तो माणूस, समोरासमोर. रेव्हीने विचारलं, आमच्यावर एवढी टीका केलीस, आम्हाला खालच्या डिव्हिजनमध्ये पाठवायला निघालास, मग ही नोकरी घेतलीस कशाला? क्लफचं उत्तर सरळ होतं: देशातली सर्वोत्तम नोकरी होती म्हणून. विजेत्यांचा संघ हाती येत होता आणि मला लीग तुझ्यापेक्षा चांगली जिंकायची होती. यावर रेव्ही दुखावून म्हणाला, चांगली म्हणजे कशी, आम्ही चारच तर सामने हरलो होतो. क्लफ उत्तरला, मग मी तीन हरलो असतो.

या एका उत्तरात सगळी गोष्ट आहे. हजरजबाबीपणा बिनतोड आहे. पण तीन हरण्यासाठी जे एकोणचाळीस न हरता काढायचे असतात, ते ज्यांनी काढायचे त्यांच्या मनाचा विचार त्यात कुठेच नाही. क्लफ रेव्हीशी स्पर्धा करायला आला होता, खेळाडूंना सांभाळायला नव्हे. आणि रेव्हीही तितकाच दोषी. घर सोडून गेल्यावरही त्याला ते आपलंच वाटत होतं.

पुढचं थोडक्यात सांगायला हवं. लीड्सने जिमी आर्मफील्ड हा शांत, पाइप ओढणारा माणूस आणला. त्याने खेळाडूंना कोणतंही प्रवचन दिलं नाही. उलट सगळ्यांना घेऊन गावातल्या सिटी व्हरायटीज थिएटरात ‘सिंड्रेला’चं प्रहसन बसवलं. घर सावरलं. जुन्याच खेळाडूंच्या बळावर लीड्स २८ मे १९७५ रोजी पॅरिसमध्ये युरोपियन कपच्या फायनलला पोचला आणि बायर्न म्युनिककडून ०-२ हरला. लॉरिमरचा एक जोरदार गोल ब्रेमनर ऑफसाइड असल्याचं सांगून रद्द झाला, प्रेक्षकांनी खुर्च्या उपसल्या आणि क्लबवर युरोपात खेळायला बंदी आली. त्या रात्री एक पिढी संपली. १९८२ मध्ये लीड्स दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला. लीगचं विजेतेपद पुन्हा मिळायला १९९२ उजाडलं. रेव्हीचं इंग्लंडमध्ये बरं चाललं नाही. १९७७ मध्ये तो संयुक्त अरब अमिरातींच्या संघाकडे निघून गेला, तोही असोसिएशनला कळण्याआधी बातमी एका वर्तमानपत्राला देऊन. लोकांनी ते कधी माफ केलं नाही.

आणि क्लफ? १९७५ च्या जानेवारीत तो दुसऱ्या डिव्हिजनमधल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचा मॅनेजर झाला. क्लब तेराव्या क्रमांकावर होता. महिन्याभरात त्याने लीड्सकडून मॅकगव्हर्न आणि ओहेअर दोघांनाही मिळून ६० हजार पौंडांत उचललं. लीड्सला ते नकोसेच होते. १९७६ मध्ये पीटर टेलर परत येऊन मिळाला. १९७७ मध्ये फॉरेस्ट वर चढला, १९७८ मध्ये थेट लीग जिंकला.

लीड्सच्या या प्रकरणावर पुढे कादंबरी निघाली, सिनेमा निघाला. दोन्हींत क्लफच्या अहंकाराभोवती सगळं फिरतं. अहंकार होताच. पण खापर एकट्याच्या डोक्यावर फोडणं अन्यायाचं आहे. मॅनी कसिन्स आणि त्याच्या संचालकांनी क्लफचं नाव पाहिलं, त्याची करामत पाहिली, ती करामत कशाची बनली आहे हे तपासलं नाही. ती बनली होती तळाला गेलेल्या क्लबांची, खिशात एकही पदक नसलेल्या भुकेल्या पोरांची, टेलरच्या नजरेची आणि वेळाची. डर्बीला विजेता करायला क्लफला पाच वर्षं लागली होती. लीड्समध्ये यातलं काहीच नव्हतं. पोटभर जेवलेली माणसं होती, एकटा क्लफ होता, आणि संचालकांच्या हातात सहा आठवड्यांचा धीर होता. उत्तम बी चुकीच्या महिन्यात पेरलं की उगवत नाही आणि दोष बियाण्याला दिला जातो, तसला हा व्यवहार. मोठ्या क्लबात आजही मोठं नाव आणताना हाच हिशेब चुकतो. नाव येतं, ज्या जमिनीत ते वाढलं ती येत नाही.

३० मे १९७९ रोजी म्युनिकमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने स्वीडनच्या माल्मोला १-० हरवून युरोपियन कप जिंकला. पुढच्या वर्षी माद्रिदमध्ये हॅम्बर्गला १-० हरवून पुन्हा जिंकला. त्या दुसऱ्या संघात एडी ग्रेचा धाकटा भाऊ फ्रँक ग्रे होता, जो पाच वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये लीड्सकडून हरला होता. दोन्ही वेळा कप उंचावणाऱ्या कर्णधाराचं नाव होतं जॉन मॅकगव्हर्न. लीड्सला तो कप अजून एकदाही मिळालेला नाही.